अंबादासबाबांची पळसपापडी

प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त काय साठतं, तर किस्से. रिपोर्ट फायलीत जातात, बाटल्या कपाटात जातात, किस्से मात्र कुठेच जात नाहीत. मी आता बुलढाण्याला शिकवते, पण चार माणसं जमली की माझ्या तोंडी जळगाव जामोदची ती जुनी लॅबच येते.

आम्ही तिघं होतो. गाईड मॅडम, अटेंडंट नारायणभाऊ आणि पीएचडी करणारी मी. विषय होता, बकरीच्या पोटातले जंत मारणारं द्रव्य कोणत्या वनस्पतीत सापडतं. घरी आईला हा विषय पाहुण्यांसमोर सांगायची चोरी होती.

*

जंत मिळायचे खाटकाकडे, बकऱ्याच्या आतड्यात. ते कोमट मिठाच्या पाण्यात, थर्मासमधून आणायचे. गार झाले की मेले, आणि मेलेल्यांवर औषधाची परीक्षा कशी घेणार?

एकदा थंडीत नारायणभाऊ तो थर्मास स्वेटरच्या आत, छातीशी धरून एसटीत बसले. शेजारच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, आत काय आहे.

"जंत हायेत. थंडी वाजून राह्यली त्यायले."

उरलेला प्रवास नारायणभाऊ दोन सीटवर ऐसपैस बसून आले.

*

प्रयोगात एका बशीत औषध घालायचं नसतं. तिथले जंत जगले, तरच बाकीचे औषधानं मेले असं म्हणता येतं. एकदा त्या बशीतलेही मेले. मॅडम हादरल्या. पाणी तपासलं, मीठ तपासलं, माझी तर झोप उडाली.

तिसऱ्या दिवशी नारायणभाऊंनी शांतपणे कबूल केलं. त्या बशीत औषध त्यांनीच घातलं होतं.

"पंगतीत सगळ्यायले वाढाचं अन् एकालेच नाही, बरं दिसते काय?"

मॅडम रागावल्या, पण हसू आवरायला खिडकीकडे वळून.

*

माझं घोडं अडलं होतं ते पळसपापडीवर. पळसपापडी म्हणजे पळसाचं बी. बाजारातून आणलेल्या बियांच्या अर्कात माझे जंत संध्याकाळपर्यंत मजेत वळवळायचे. संग्रामपूरकडच्या अंबादासबाबांच्या पुडीत मात्र दोन तासांत थंड! बाबा भाजीपाला पिकवायचे आणि बकऱ्यांना जंताचं औषध द्यायचे. बीही पळसाचंच. मग फरक कशानं पडतो, हे कळल्याशिवाय प्रबंध पुरा होणार नव्हता. "बाबांनी दिलेली पुडी" असं प्रबंधात लिहिता येत नाही, हे मॅडमनी मला बजावलं होतं.

मी चार वेळा त्यांच्या शेतात गेले. बाबा पुडी द्यायचे, पिशवीभर वांगी द्यायचे, कृती तेवढी द्यायचे नाहीत. प्रबंधाचं पान हललं नाही, पण आमच्या घरी महिनाभर भरीत झालं.

*

पाचव्यांदा त्यांनी कारण सांगितलं. हे औषध त्यांना आत्याकडून मिळालं होतं. कृती एकदा दुसऱ्याला सांगितली की गुण सांगणाऱ्याच्या हातातून जातो आणि ऐकणाऱ्याच्या हातात येतो. आत्यानं त्यांना सांगितलं आणि त्यानंतर कधी कुणाला पुडी दिली नाही.

मी तेव्हा फार शहाणी होते. म्हटलं, बाबा, गुण बियांत असतो, हातात नसतो.

"मंग बाजारच्या बियानं तुहे जंत काऊन नाही मेले?"

मी वांगी घेऊन परत आले.

*

त्या उन्हाळ्यात बाबांनी स्वतःच निरोप पाठवला. दोन्ही मुलं पुण्याला, त्यांना यात रस नाही. "लिहून ठेवशील ना, पोरी?" एवढंच विचारलं आणि सगळं सांगितलं. शेंगा झाडावरूनच काढायच्या, गळालेल्या घ्यायच्या नाहीत. सावलीत वाळवायच्या. बी भिजवून साल काढायचं. वर्षावरचं बी फेकून द्यायचं. मी भराभर लिहीत होते. बाबा बांधावरच्या पळसाकडे बघत बसले होते.

बाजारातलं बी जुनं असायचं, एवढी साधी गोष्ट होती. प्रबंध पुरा झाला. मी डॉक्टर झाले, पेढे वाटले.

दिवाळीनंतर एका सकाळी नारायणभाऊ आत आले आणि म्हणाले, बाहेर कोणीतरी आलंय. दाराशी अंबादासबाबा उभे होते. चपला बाहेर काढलेल्या, हातात बकरीची दोरी. संग्रामपूरहून रिक्षात घालून आणली होती. पोट फुगलेलं, चार दिवस चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं.

माझ्या कपाटात जी पळसपापडी होती, ती त्यांच्याच बांधावरच्या झाडाची होती, त्यांनीच उन्हाळ्यात वाळवून पाठवलेली. तसलीच पिशवी त्यांच्या घरी आढ्याला टांगलेली मी पाहिली होती. मी म्हटलं, "बाबा, घरी आहे ना तुमच्या?"

"बी हाये," ते म्हणाले. "औषध तुमच्यापाशी हाये, मॅडम."

आजवर ते मला पोरी म्हणत आले होते.

मी हात धुतले, बी वाटलं, पुडी बांधली. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.