मोत्यांचे डाग

इतरांना गाडी दिसते, रोशनी वळवीला डाग दिसतात. हा काही जन्मजात गुण नव्हे. नवापूरकडून ती सिल्वासाला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि धाग्याच्या कंपनीत तिला चेकिंगला बसवलं. जांभळ्या ट्यूबखाली धाग्याची रिळं फिरवायची, मळकं दिसलं की बाजूला काढायचं. पाच वर्षं तिने हेच केलं. मग कंपनीने त्या जागी कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याला चहाची सुट्टी लागत नव्हती, त्यामुळे चुरस फारशी झाली नाही.

मग ती सिल्वासाजवळच सामरवरणीला विशालच्या वॉशिंग सेंटरवर लागली. विशाल धुळ्याचा, माणूस वाईट नाही, पण मतं पक्की. बाई आत आणि पुरुष बाहेर, हा नियम त्याने गाड्यांनाही लावला होता. रोशनीने सीट, मॅट, डॅशबोर्ड करायचं. बॉडीला हात लावायचा नाही. दीड वर्षात तिने चारदा बाहेरचं काम मागितलं. चारही वेळा तो म्हणाला, "बघू." विशालच्या बघण्याला मुदत नसायची.

अशात खानोलकर साहेबांची गडद निळी गाडी आली. दत्तात्रय खानोलकर मूळचे वेंगुर्ल्याचे, इथल्याच सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. नव्या गाडीला त्यांनी सिरॅमिक कोटिंग करून घेतलं होतं, म्हणजे रंगावर काचेसारखा पातळ थर. त्यावर पाणी पसरत नाही, थेंब गोळा होऊन उभे राहतात. कोटिंगवाल्याने पाणी ओतून दाखवलं होतं, "बघा साहेब, मोती." साहेबांना मोती आवडले. मग रोज सकाळी सोसायटीच्या बोअरचं पाणी बॉनेटवर ओतून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोती दाखवू लागले. पुसायचे मात्र नाहीत. मोती कोणी पुसतं का? ऊन चढलं की पाणी उडून जायचं आणि क्षार तिथेच बसायचा. चार महिन्यांत बॉनेटला गोवर आल्यासारखे पांढरे ठिपके उठले.

"फसवलं मला," साहेब विशालला म्हणाले. "आज निघालं तर ठीक, नाहीतर उद्या वापीला नेऊन अख्खं कोटिंग खरवडून टाकतो."

"अभिषेक लोक सोमवारी करतात," त्यांच्या पत्नी शैलजाबाई गाडीतूनच म्हणाल्या. "आमच्याकडे रोज."

विशालने पॉलिशचं मशीन काढलं. "टेन्शन नको, साहेब. दोन मिनिटांत साफ."

"डाग जातील," रोशनी मॅट झटकत म्हणाली. "कोटिंगपण जाईल."

"तुला कोणी विचारलं?"

"नाही विचारलं, भाई. पण मशीन वरचा थर कापतं, आणि कोटिंग वरच आहे. हे क्षाराचे डाग. माझ्या रूमवर हीटरच्या रॉडला असेच चढतात. घासले तर चरे पडतात, व्हिनेगरमध्ये ठेवले तर सुटतात."

"ही गाडी आहे, रॉड नाही."

"पाणी तर तेच आहे ना, बोअरचं?"

साहेबांनी नोकरीत असंख्य निर्णय पुढच्या टेबलावर ढकलले होते. हा त्यांनी जागेवर घेतला. "खरवडायला वापी आहेच. आधी हिला करू दे."

विशालने रोशनीला बाजूला घेतलं. "बिघडलं तर परत बॉडीचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार," ती म्हणाली.

तिने गाडी सावलीत घ्यायला लावली आणि अर्धा तास नुसती उभी राहिली.

"मुहूर्त आहे का?" विशालने विचारलं.

"पत्रा थंड होऊ दे. गरम पत्र्यावर व्हिनेगर सुकलं तर ते वेगळे डाग."

मग तिने सौम्य शाम्पूने धूळ काढली. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणि पांढरं व्हिनेगर निम्मं निम्मं घेतलं. आधी मागच्या बंपरच्या कोपऱ्यात लावून पाहिलं. रंगाला काही झालं नाही. मग मऊ कापड भिजवून बॉनेटच्या वीतभर जागेवर ठेवलं, मिनिटभराने उचललं, जोर न देता पुसलं, धुतलं, कोरडं केलं.

डाग जवळजवळ तसेच होते.

विशाल मशीनची वायर सोडवू लागला. रोशनीने कापड पुन्हा भिजवलं. दुसऱ्यांदा कडा विरघळल्या. तिसऱ्यांदा निळा रंग दिसला. मग ती वीत-वीत करत पुढे सरकली. दुपारचा जेवणाचा डबा तसाच राहिला. साहेब दोनदा चहा पिऊन आले. चार वाजता तिने मोबाइलचा टॉर्च पत्र्यालगत आडवा धरला आणि वायपरजवळ तिला डागांची तीन गोल कडी दिसली. पाचदा कापड ठेवलं, तरी ती हलली नाहीत.

"तेवढ्यावर फिरवतो मशीन," विशाल हळूच म्हणाला. "कोणाला कळतंय?"

ती साहेबांकडे गेली. "तीन डाग राहिलेत, साहेब. ते वर बसलेले नाहीत, कोटिंगलाच खड्डा पडलाय. ते निघणार नाहीत. बाकी गेले, आणि कोटिंग शाबूत आहे."

विशालने डोळे मिटले. गिऱ्हाइकाला आपणहून डाग दाखवणारं माणूस त्याने धंद्यात पाहिलं नव्हतं. साहेबांनी चष्मा लावला, वाकले, बराच वेळ शोधलं. "मला दिसत नाहीत."

"आहेत," म्हणत तिने बोट ठेवून दाखवले.

"मोती येतात का बघू." साहेबांनी पाण्याचा मग मागितला. रोशनीने मगाबरोबर कोरडं कापडही दिलं. "ओता. पण पुसायचं तुम्हीच, आणि लगेच."

मोती आले. घरी जायला गाडीत येऊन बसलेल्या शैलजाबाई काच खाली करून पाहत होत्या. साहेबांनी, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच, काहीतरी पुसलं.

"परत कधी दाखवू?" त्यांनी विचारलं. विशाल पुढे सरसावला तसे म्हणाले, "तुम्हाला नाही, हिला विचारतोय."

"महिन्याने आणा," रोशनी म्हणाली. "तोवर बोअरचं पाणी बंद."

गाडी गेल्यावर विशाल बराच वेळ पाइप गुंडाळत राहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या नऊला काळी गाडी आहे. बाहेरून तू कर. काळ्यावर सगळं दिसतं, लक्षात ठेव."

"आठला येते," रोशनी म्हणाली आणि डबा उघडून बसली.