वाघ यायच्या आधी

"अहो बाई, थांबा! वाघ अजून आलेला नाही!" पित्ताशय काढायला टेबलावर निजवलेला मी ओरडलो. "काका, एखादी गोष्ट सांगा," असं भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या, आणि आता शिरेतून दुधासारखं पांढरं औषध सोडत होत्या. माझ्या गोष्टींनी अख्खी लग्नघरं रात्रभर जागवलीत; हे चमचाभर दूध मला काय झोपवणार!

झोप कशी, जांभई देऊन, परवानगी काढून येते. या भुलीने दारही वाजवलं नाही. आयुष्याचा एक तुकडा परस्पर कापून नेला आणि स्वप्नाची चिंधीसुद्धा मागे ठेवली नाही.

शुद्धीवर येताच मी चिडून विचारलं, "वाघाला नुसत्या छत्रीने लोळवलं, ते तरी ऐकलंत ना?"

"वाघ काही आला नाही, काका. पित्ताशय तेवढं निघालं."