अडीनडीचा पंप

पडदे शिवणाऱ्या वहिनींना लहानपणापासून दमा. नवं कापड आधी ओल्या फडक्याने पुसायच्या, शिवताना नाकातोंडाला रुमाल बांधायच्या, रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ न चुकता घ्यायच्या आणि औषध तोंडात राहू नये म्हणून लगेच चूळ भरायच्या. धाप लागली तरच अडीनडीचा निळा पंप. तो शिवणयंत्राच्या खणात असायचा, आणि हल्ली भराभर रिकामा होत होता.

पहिला संशय नवऱ्यावर. चोरून सिगारेट फुंकत असेल आणि वर माझ्या पंपावर डल्ला! त्यांनी त्याचा शर्ट हुंगला. नुसता साबणाचा वास.

"पोलिसात लागलीस की काय?" नवऱ्याने विचारलं.

मग डोळा गेला नणंदेवर. वन्सं बेकरीत पीठ चाळायच्या आणि नवरा गेल्यापासून इथेच राहायच्या. रोज खोकत घरी यायच्या. विचारलं की उत्तर एकच, "सर्दी आहे गं." एवढी कसली चिवट सर्दी?

एका दुपारी वन्सं बेकरीतून आल्या तशा वहिनी मोठ्याने म्हणाल्या, "बाजारात जाऊन येते हं!" चपला वाजवत निघाल्या आणि दाराबाहेरच थांबल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, फुस्स!

वहिनींनी दार ढकललं. भुवयांवर पीठ, हातात पंप. वन्सं गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"मागायचं होतं ना! चोरी कशाला?"

"मालकाला कळलं तर काढून टाकेल, वहिनी. आणि दादा म्हणेल, आता हिचंही दुखणं निस्तरा." एवढं बोलतानाही त्यांना दम लागला.

वहिनींचा राग तिथेच विरला. "अहो, हलवलासुद्धा नाहीत. अर्धं औषध जिभेवरच गेलं. आता आधी हलवा, मग श्वास पूर्ण सोडा. दाबा आणि हळू ओढा. धरून ठेवा."

वन्संची छाती मोकळी झाली, तशा वहिनी त्यांना तडक डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. पिठाच्या धुळीचा दमा निघाला. वन्संना स्वतःचे पंप मिळाले. मालकाने कुरकुर केली, पण त्यांना चाळणीवरून विक्रीच्या खिडकीवर बसवलं. दादाने तर औषधाचे पैसे लगेच काढून दिले.

तरी वहिनींचा भरवसा बसलेला नाही. वन्सं "घेतला गं सकाळचा पंप" म्हणाल्या, की वहिनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला धरतात.

"मग चूळ भरल्याचा आवाज कसा नाही आला?"