रिकाम्या रकान्यामागची चौकट

सुलभाताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी स्टुलावर चढून पंख्याची वायर जोडत होतो. पुरुषोत्तमनगरजवळच्या आमच्या गावात काही मंडळींनी मिळून चालवलेला छोटा दवाखाना आहे. तिथल्या सिस्टरबाई कम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून बसल्या होत्या. पडद्यावर बाळांच्या लसी, म्हाताऱ्यांचा मोतीबिंदू, बाळंतपण, सगळ्या प्रश्नांच्या चौकटी एकदम उघड्या! ताई तेव्हा शहाद्याला कम्प्युटर शिकवत; सिस्टरबाईंनी मदतीला बोलावलं म्हणून आल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "अहो, पाहुणा पाणी मागतोय आणि आपण त्याला अख्खी मांडणी दाखवतोय."

मग त्यांनी त्या सॉफ्टवेअरला जोडायचा एक तुकडा, म्हणजे प्लगइन, स्वतः लिहिला. आधीच्या उत्तरावर अट. अट जुळली तरच पुढची चौकट दिसणार. मी आठवी पास वायरमन, पण मलाही शेजारी बसवून त्यांनी समजावलं, "भाऊ, बटण दाबल्याशिवाय दिवा लागतो का? तसंच हे." तेव्हापासून मी त्यांचा विद्यार्थी, वयाने मोठा असलो तरी.

ताईंचा खरा मोठेपणा मात्र मला त्यांच्या चुकीतून दिसला. बाळंतपणाची चौकट उघडायला त्यांनी 'पतीचे नाव' हा रकाना भरायची अट ठेवली होती. एकदा दिवस भरत आलेली गावातली एक सूनबाई एकटीच तपासणीला आली. सिस्टरनी नवऱ्याचं नाव विचारलं. ती पदर सावरत म्हणाली, "त्यासनं नाव मी कशी लेसू, बाई?" आमच्याकडे अजूनही कित्येक बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रकाना रिकामा राहिला, चौकट उघडली नाही, आणि गर्दीत रक्तदाब, सूज काहीच विचारलं गेलं नाही. गोळ्या घेऊन ती निघाली.

ताई योगायोगाने दारातच होत्या. "चपला हातात का गं?"

"पायमा बसतीस नही."

तिची सुजलेली पावलं पाहून ताईंनी तिला तिथेच बसवलं. रक्तदाब बघून सिस्टरबाईंचा चेहरा उतरला. लगेच जीप करून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ताई सोबत गेल्या आणि बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं कळेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

सिस्टरबाई स्वतःला दोष देत होत्या. ताई म्हणाल्या, "चूक तुमची नाही, माझ्या अटीची आहे. मी गाव न विचारता अट लिहिली." त्याच आठवड्यात त्यांनी अट बदलली. आता फक्त 'दिवस गेलेत का' याला 'हो' भरलं की चौकट उघडते. नाव राहिलं तरी चालतं. आणि बंद चौकटीचीही एक पट्टी पडद्यावर दिसत राहते, म्हणजे काय विचारायचं राहिलं ते कळतं.

पुढे ताई त्या सूनबाईच्या घरी माफी मागायला गेल्या. मी बरोबर होतो. ती कसली रागावते! म्हणाली, "तुमना कम्प्युटरले उखाणा चालस का? तवय नाव लेसू." ताई इतक्या हसल्या की मांडीवरचं बाळ जागं झालं.

अशा आमच्या ताई यंदा साठीत पोहोचल्या. त्या सूनबाईने लेकीच्या लग्नाचं आवतण ताईंना आत्ताच देऊन ठेवलंय. लेक अजून रांगते आहे. तेव्हा ताई, गुडघे जपा, डोळे जपा, औषधं वेळेवर घ्या. त्या मांडवात तुम्हाला आपल्या पायांनी चालत यायचं आहे.