धावपट्टीखाली

किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांसाठी माळावर बांधलेल्या त्या नव्या विमानतळावर मी परतीच्या विमानाची वाट पाहत बसले होते. आजूबाजूला उन्हाने लाल झालेले परदेशी पाहुणे होते. लादी पुसणारी एक बाई दर वेळी विमान उतरताना काम थांबवून काचेशी जायची आणि डोळे मिटून घ्यायची. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी विचारलं, "मावशी, विमानाची भीती वाटते का?"

"भीती कसली?" तिने धावपट्टीकडे बोट दाखवलं. "थंय आमची काजूची बाग होती. माझो पयलो झील, तान्हो पोरगो, आठ दिसांचो होवन गेलो. थंयच पुरलो त्याका."

"मग इथेच कामाला कशा आलात?"

"आणि खंय जाव? हयसून ती जागा दिसता."

ती बादली उचलून पुढे गेली. आपण सुखाने जातो त्या वाटांखाली कुणाचं काय निजलेलं असेल, या विचाराने मला बसवेना.

थोड्या वेळाने आमचं विमान धावू लागलं. शेजारचे प्रवासी समुद्राचे फोटो बघत होते. मी मात्र नकळत दोन्ही पाय वर उचलून धरले होते, आणि विमान ढगांत शिरल्यावरही ते खाली टेकवायचा मला धीर झाला नाही.