लाख्याच्या पोटातले गहू

शेषरावमामा संध्याकाळी थेट ताटावर कधी बसले नाहीत. आधी गोठ्यात जायचे, लाख्याच्या डाव्या कुशीला कान लावायचे. बैल खाली बसून रवंथ करायला लागला की मगच घरात येऊन हात धुवायचे. मामी वैतागायची. म्हणायची, "बैलाचं पचलं का तुमाले भूक लागते काय?" मामा हसून म्हणायचे, "माणूस जेवते आन् मोकळा होते. हे आधी गिळते, मंग निवांत बसून जेवते."

जनावराचं पोट मला त्यांनीच समजावलं. कडबा अर्धवट चावून आधी कोठीपोटात पडतो. तिथे भिजतो, आंबतो, तिथले सूक्ष्म जीव त्याला मऊ करतात. मग घास पुन्हा तोंडात येतो, नीट चावला जातो आणि पुरता बारीक झाला की पुढच्या कप्प्यांतून शेवटच्या खऱ्या पोटात उतरतो. या कोठीला घाई चालत नाही. तिच्यात एकदम धान्य ओतलं तर ते भराभर आंबतं, नुसतं तेजाब होतं, रवंथ बंद पडते आणि बैल बसल्या जागी जातो. मामा हे सगळ्यांना सांगत. पंजाबरावाला तर जरा जास्तच.

पंजाबराव मामांचा सावडीतला जोडीदार. रिद्धपूरजवळच्या आमच्या गावात ट्रॅक्टर आले, पण उभ्या पिकात तण काढायच्या डवरणीला बैलच लागतात. दोघांकडे एकेक बैल, म्हणून दोघांनी मिळून जोडी केली होती. मामांचा लाख्या, पंजाबरावाचा मुंग्या. पोळ्याला जोडी आळीपाळीने एकेकाच्या दारात. त्या वर्षी पाळी पंजाबरावाची होती.

आदल्या संध्याकाळी त्याच्या गोठ्यात खांदशेकणी झाली. तूप-हळदीने बैलांचे खांदे चोळले, उद्या जेवायला या म्हणून त्यांना रीतसर आवतन दिलं. मामा लाख्याला थोपटून, तिथेच बांधून घरी आले. त्या दिवशी तेवढं त्यांनी कुशीला कान न लावता जेवण केलं. बैल परक्याच्या दारात थोडाच होता!

सकाळी लाख्या उठेना. डावी कूस ताठ, रवंथ नाही, मान टाकलेली. मामांनी चांदूर बाजारच्या डॉक्टर नीलमताईंना फोन लावला. त्या लांबच्या गावात एका अडलेल्या गाईपाशी होत्या. त्यांनी विचारलं, "काल काय खाल्लं त्यानं?"

मामांनी फोन पंजाबरावापुढे धरला.

"कडबा, अन् थोडा ओला चारा," पंजाबराव म्हणाला.

"धान्य? पीठ? नीट आठवा."

"नाई जी. लाख्याची आन."

त्यानं बैलाच्या डोक्यावर हात ठेवला होता. मी तिथेच उभी होते, मी पाहिलंय.

ओल्या चाऱ्याने पोट फुगलं असेल, गोडं तेल पाजा, हळूहळू फिरवा, इथलं आटपलं की येते, असं ताई म्हणाल्या. मामांनी शिंगं धरली आणि पंजाबरावानं बांबूच्या नळीनं तेल पाजलं. लाख्या दोन पावलं चालला आणि बसला. गावात तोरण बांधून झालं, वाजंत्री सुरू झाली, आणि इकडे मामांच्या मांडीवर मान टाकून बैल गेला.

ताई आल्या तेव्हा लाख्याची मान अजून मामांच्या मांडीवरच होती. लम्पीच्या धास्तीचे दिवस, म्हणून ताईंनी शेताच्या कडेला बैलाचं पोट उघडून पाहायचं ठरवलं. कोठीपोटाला सुरी लागली आणि आंबट वास सुटला. आत कडबा नावाला. ओंजळीनं काढावेत असे फुगलेले गहू.

ताईंनी गव्हांची ओंजळ तशीच पुढे धरली. "गहू खाल्लेत एवढं सांगितलं असतं तर मी सोडा पाजायला सांगितलं असतं. ती गाय दुसऱ्यावर सोपवून धावत आले असते."

पंजाबराव मामांच्या पायाशी बसला. मुंग्या अंगानं भरलेला, लाख्याची कूस खोल. तोरणाखाली जोडी विजोड दिसेल, लोक हसतील, म्हणून त्यानं घमेलंभर भिजवलेले गहू लाख्यापुढे ठेवले होते. "तू रागावशीन म्हून नाई सांगतलं, भाऊ," तो रडत म्हणाला.

त्याचं रडणं खरं होतं. मला तरी त्याची दया आली नाही, आजही येत नाही. चूक कुणाच्याही हातून होते. पण बैलाच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलायला वेगळंच काळीज लागतं.

मामा म्हणाले, "रागावलो असतो. शिव्याबी देल्ल्या असत्या. गहू चारले ते मी उद्या इसरलो असतो, पंजाब. पन सकाळी मी शिंगं धरून होतो, अन् तू तेल पाजून राहिला होता. त्याले तेल नाई लागत, हे तुले एकट्याले मालूम होतं. अन् तू पाजतच राहिला."