मुरादच्या वडिलांनी मागितलेला हाल

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी ब्रिटिश आर्मीत मेडिकल सार्जंट होतो, ओमानमध्ये एका बलोच कंपनीला अटॅच. जन्म भायखळ्याच्या ज्यू घरातला, राहायला लंडनजवळ इल्फर्डला. जवानांशी माझं भायखळ्याच्या हिंदीवर भागायचं. सकाळी सहाला सिक परेड: फोड, ताप, डोळे. मदतीला लान्स नाईक मुराद. तो माझ्या हिंदीला पोटभर हसायचा.

एका पेट्रोलवर सहा चाळीसला टेकडीवरून फायर आलं. माझ्या मांडीत गोळी लागली, मी उघड्यावर पडलो. रेडिओवर कॅप्टन म्हणाले, "डॉक डाऊन. नोबडी मूव्ह." मुराद उठला. मला कॉलरला धरून त्यानं खडकामागे ओढलं आणि त्याच्या पोटात गोळी बसली. हेलिकॉप्टर सात पस्तीसला आलं. तोवर तो गेला होता. मेडिक मी, आणि मला काहीही करता आलं नाही.

पाय बरा झाल्यावर रिक्रूटिंग पार्टीबरोबर पाकिस्तानात, बलोचांच्या मकरानला गेलो. मुरादचं गाव तिथून वाळवंटातून जीपनं सात तास. तो गेल्याचं पत्र घरी पोचलं होतं. कसा गेला ते कुणी सांगितलं नव्हतं. कॅप्टन म्हणाले, "किल्ड इन ॲक्शन, एवढंच सांग."

मुरादच्या वडिलांनी मला चटईवर बसवलं. गावातले वीसेक पुरुष जमले. म्हातारा म्हणाला, "हाल."

आपल्याकडे हाल म्हणजे हालअपेष्टा. मला वाटलं, पायाची चौकशी करतायत. "आता बरा आहे, चाचा," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. आमचा बलोच ड्रायव्हर कानात म्हणाला, "साहेब, खबर मागतायत. पाहुण्यानं सगळं सांगायचं, काही न गाळता."

तुमचा मुलगा माझ्यापायी गेला, हे बापाला तोंडावर कसं सांगायचं? कॅप्टनचा सल्ला फार सोयीचा होता. पण ती माणसं वाट बघत होती. मी सगळं सांगितलं. वेळ, खडक, ऑर्डर मोडून तो उठला तेही.

"शेवटी एकटा होता?"

"नाही. डोकं माझ्या मांडीवर होतं."

"गोळी लागलेल्या?"

"हो."

म्हाताऱ्यानं मान हलवली. जेवणाची ताटं आली. आपल्या ताटातलं मटण हातानं माझ्या ताटात वाढलं. "जेव," म्हणाला. मी रडत रडत जेवलो. असं जेवण मला पुन्हा कुणी वाढलं नाही.

आमच्या सिनेगॉगमध्ये मृतांच्या प्रार्थनेत आपापल्या माणसांची नावं घेतात. मी तीन घेतो: आई, वडील, मुराद. एकदा शेजारच्या काकांनी विचारलं, "मुराद कुणाकडचे? आईकडचे की वडिलांकडचे?"

"माझ्याकडचे," मी म्हटलं.